रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी अडीच वर्षांच्या मुलाचं पोट ठिकाणावर का येत नाही?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. मुलगा अडीच वर्षांचा आहे. पावणेदोन वर्षांचा असल्यापासून त्याचं पोट बिघडलेलं आहे. दिवसातून चार-पाच वेळा पातळ, घाण वास येणारी शी होते आणि तीत गाजर, मटार जसेच्या तसे दिसतात. मध्येच दोन-तीन दिवस काहीच होत नाही, मग चड्डीला दिवसभर डाग पडत राहतात. पोट फुगतं, कधी कधी पोट धरून रडतो. तीन डॉक्टर झाले. तो दोन वर्षांचा झाल्यावर आधी दूध बंद झालं, मग गहू, मग बरीचशी फळं. दुधाच्या जागी डब्यातला फळांचा रस दिवसातून तीन-चारदा सुरू झाला. रक्ताचे आणि शीचे रिपोर्ट नॉर्मल आले. दोन वर्षांचा असताना वजन ११.२ किलो होतं, आज ११.४ आहे. त्याला आता नेमकं काय खायला घालावं हेच कळेनासं झालंय आणि तुम्ही पार थकून गेला आहात.

या वर्णनात मला लपलेल्या गंभीर आजाराची ठळक खूण दिसत नाही. मात्र वजन अडलं आहे, ते मी हलक्यात घेणार नाही. ते अडण्याचं सगळ्यात जवळचं कारण मला त्याच्या ताटात दिसतं: सहा महिन्यांत ताटातून एकेक पदार्थ निघून गेला आणि त्या जागी गोड पाणी आलं. न बघता निदान करता येत नाही, मूल हाताने तपासावं लागतं. पण विचार कोणत्या क्रमाने व्हावा आणि तोवर घरी काय करावं, हे नक्की सांगता येईल.

सुरुवात वाढीच्या तक्त्यापासून करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढीची मानकं प्रसिद्ध केली. त्यांत मुलग्यांचं मधलं वजन दोन वर्षांना १२.२ किलो आणि अडीच वर्षांना १३.३ किलो आहे. म्हणजे या सहा महिन्यांत साधारण एक किलो वाढायला हवं, तुमचा मुलगा वाढला २०० ग्रॅम. ११.४ हा आकडा एकटा बघितला तर घाबरण्यासारखा नाही; या वयाची कित्येक ठणठणीत मुलं तेवढ्याच वजनाची असतात. पण एकाच मुलाची रेषा स्वतःच्याच वाटेवरून खाली घसरली तर ते का, हे शोधावं लागतं. इथे तारखा बोलतात. पातळ शी पावणेदोन वर्षांपासून आहे, तरी दोन वर्षांपर्यंत तुम्हाला वजनाची काळजी वाटली नव्हती. अडलं ते पदार्थ बंद व्हायला लागल्यावर. जन्मापासूनची सगळी वजनं आणि उंच्या एका कागदावर लिहून आणा. अन्न कमी पडलं की आधी वजन अडतं, उंची नंतर. उंची आधी मंदावली असेल तर थायरॉइडसारख्या ग्रंथींकडे किंवा सिलिॲक आजाराकडे (गव्हामुळे आतड्याचं अस्तर झिजवणारा, त्याबद्दल पुढे सांगते) जास्त बारकाईने बघावं लागतं.

आता ज्या गोष्टी दिसल्या तर घरी थांबायचं नाही, त्या सांगते. हिरवी उलटी किंवा टणक फुगलेलं पोट आणि न थांबणारं रडणं असेल तर तासाभराचाही उशीर नको, थेट रुग्णालयात जा. सहा-आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, तरीही तेच. त्याच आठवड्यात दाखवण्याच्या गोष्टी: शीत मिसळलेलं रक्त किंवा आव, वारंवार येणारा ताप, तोंडात पुन्हा पुन्हा येणारे व्रण, गुदद्वाराजवळ गळू किंवा पू, सांधे सुजणं, पांढरट मातकट शी, डोळ्यांत पिवळेपणा, आणि अर्थात वजन घटणं. कडक शीवर लाल रेघ असेल तर ती बहुतेक वेळा गुदद्वाराच्या चिरेची असते, तरी ती डॉक्टरांनी एकदा बघावी. लोहाच्या औषधाने शी काळी होते. औषध चालू नसताना डांबरासारखी काळी झाली तर दाखवा. नुसत्या हिरव्या शीला घाबरू नका, अन्न आतड्यातून भरभर पुढे सरकलं की असा रंग येतो. आणखी एक प्रश्न पालकांना विचारला जातोच असं नाही: जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली होती का? उशीर झाला असेल आणि पहिल्या महिन्यापासूनच शीचा त्रास असेल, तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसण्याचा जन्मजात दोष, हिर्शस्प्रुंगचा आजार, तपासून बघावा लागतो.

या सगळ्यात मी सर्वाधिक वजन देते ते रात्रीच्या प्रश्नाला. झोपलेलं मूल शीसाठी जागं होतं का? दिवसा पाच वेळा पातळ शी आणि रात्र शांत, असं असेल तर आतड्याला सूज किंवा जखम असण्याची शक्यता बरीच कमी होते. तुम्ही रात्रीबद्दल काही लिहिलेलं नाही. पुढचे काही दिवस मुद्दाम बघा.

रात्र शांत, मूल खेळतंय, शीत भाजीचे तुकडे, सकाळची शी जरा घट्ट आणि संध्याकाळपर्यंत पातळ होत गेलेली: हे चित्र आम्ही फार वेळा बघतो. आतड्याच्या रचनेत दोष नाही, पण त्याचं काम घाईचं आहे, अशा विकारांसाठी जगभर रोम निकष वापरतात. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत या वयातल्या जुलाबाची व्याख्या अशी: वेदना नसलेली, मोठी, न बांधलेली शी दिवसातून चार किंवा जास्त वेळा, चार आठवड्यांहून अधिक काळ, सुरुवात सहा महिने ते पाच वर्षं या वयात, आणि पुरेसं खाणं मिळत असेल तर वाढ व्यवस्थित. बहुतेक मुलांत शाळेचं वय येईपर्यंत हे आपोआप थांबतं. शीत दिसणाऱ्या गाजर-मटारची काळजी करू नका. सालं आणि तंतू माणसाच्या आतड्यात पचतच नाहीत, त्यात या वयात दाढा अपुऱ्या आणि चावणं घाईचं. तुकडे दिसतात म्हणजे अन्न अंगाला लागत नाही, असं नव्हे.

या जुलाबाला खतपाणी घालणाऱ्या चार गोष्टी आहेत: फळांचा रस, एकूणच जास्त द्रव, कमी स्निग्धता आणि कमी तंतू. तुमच्या घरी सध्या चारही हजर आहेत. सफरचंद, नासपती, आलुबुखार यांच्या रसात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल हे गोड घटक भरपूर असतात. लहान आतडं ते ठरावीक मर्यादेपर्यंतच शोषून घेतं. उरलेलं पुढे सरकतं, आपल्याबरोबर पाणी ओढतं, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून वायू तयार करतात. पातळ शी, फुगलेलं पोट आणि वायू, या तिन्ही गोष्टी एवढ्यानेही घडू शकतात. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१७ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: पहिल्या वर्षात रस अजिबात नाही, एक ते तीन वर्षांत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. तीन-चार पेले त्याच्या कितीतरी पुढे जातात. शिवाय रसाने पोट भरलेलं मूल जेवत नाही, आणि मग घरचे म्हणतात की याला भूकच नाही.

म्हणून रस आजपासून बंद करा. तहानेला पाणी द्या. फळ अख्खं द्या, कापून किंवा कुस्करून. या वयाला निम्नस्निग्ध खाणं कधीच नको. एक ते तीन वर्षांत एकूण उष्मांकांपैकी ३० ते ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून यायला हवेत. स्निग्धतेमुळे अन्न आतड्यात जरा रेंगाळतं आणि वजनालाही हातभार लागतो. पोट बिघडलंय म्हणून तेल-लोणी काढून टाकायचं आणि पातळ, पाणचट खाणं महिनोन्‌महिने चालू ठेवायचं, ही सवय या मुलांचं फार नुकसान करते. तंतूंसाठी दोन वर्षांपुढच्या मुलाला एक सोपं गणित आहे: वयात ५ मिळवा, तेवढे ग्रॅम रोज. म्हणजे तुमच्या मुलाला सात-आठ ग्रॅम. ते अख्ख्या फळांतून, भाज्यांतून, डाळी-कडधान्यांतून आणि कोंड्यासकटच्या धान्यांतून सहज मिळतात.

एवढं सांगून मी थांबले असते, पण तुमच्या वर्णनातली एक ओळ मला स्वस्थ बसू देत नाही: दोन-तीन दिवस काहीच नाही आणि मग चड्डीला दिवसभर डाग. सतत पातळ शी होते म्हणून आणलेल्या मुलांपैकी काहींचा खरा त्रास नेमका उलटा असतो. आत शी साठून बसलेली असते.

हे घडतं असं. कधीतरी एकदा शी कडक होते आणि दुखतं. ताप येऊन गेल्यावर, प्रवासात, दूध फार झाल्यावर, किंवा पॉटीवर बसवायची घाई झाल्यावर. दोन वर्षांचं मूल एवढंच शिकतं की शी केली की दुखतं, आणि ती रोखून धरतं. कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, पाय आवळतं, टाचा उचलतं, चेहरा लाल होतो, अंग ताठ होतं. पालकांना वाटतं कुंथतंय. प्रत्यक्षात ते सगळा जोर लावून शी आत ठेवत असतं. साठलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. गुदाशय सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग वरची पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपत राहते. मुलाला ती कळत नाही आणि थांबवताही येत नाही. यासाठी त्याला रागावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि रागावल्याने रोखून धरणं वाढतं.

अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर परिस्थिती उलट चिघळते. लोपेरामाइडसारखी औषधं तर दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत, आणि त्यापुढेही स्वतःच्या मनाने नाहीत. खरा उपाय असतो साठलेली शी काढून टाकणं आणि पुढे कित्येक महिने ती मऊ ठेवणं. यासाठी सगळ्यात जास्त अनुभव पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पावडरीचा आहे. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, रक्तात जवळजवळ जात नाही आणि आतड्याला आळशी बनवत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्र दिलेल्या मार्गदर्शनानुसार साठा काढायला जास्त मात्रा तीन ते सहा दिवस, आणि नंतर रोजची कमी मात्रा किमान दोन महिने देतात. सगळी लक्षणं जाऊन महिना झाल्यावरच ती हळूहळू उतरवतात. मात्रा वजनावर ठरते आणि ती तुमचे डॉक्टर ठरवतील. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं हे त्रास परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला महिने लागतात.

या काळात पॉटीचं शिक्षण सरळ बाजूला ठेवा. डायपरमध्ये करू दे. आधीच बसत असेल तर जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करतं. पावलं अधांतरी लोंबकळू नयेत, खाली ठोकळा ठेवा. बसल्याचं कौतुक करा, शी झाली की नाही हा विषय काढू नका.

साठा आहे की नाही हे अनुभवी हाताला पोट तपासताना बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी सरसकट एक्स-रे काढण्याची गरज नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा: पोटात शी साठलेली लागते का? तुमच्या मुलाच्या बाबतीत माझी पहिली तपासणी हीच असेल. रसाचे जुलाब आणि साठलेली शी या दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकत्रही असू शकतात.

आता दूध. दुधातली साखर न पचणं आणि दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ सतत होते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचा आनुवंशिक प्रकार सहसा मूल बरंच मोठं झाल्यावर दिसू लागतो. या वयात दिसतो तो जुलाबाच्या साथीनंतर आतड्याचं अस्तर दुखावल्यामुळे, आणि तो काही आठवड्यांत भरून येतो. प्रथिनाची ॲलर्जी बहुतेकदा पहिल्या वर्षातच सुरू होते. ती आहे का हे बघायची सर्वमान्य रीत अशी: दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ पूर्ण बंद, आणि त्यानंतर पुन्हा देऊन बघणं. हा दुसरा भाग बहुतेक घरांत राहून जातो. बंद केल्यावर फरक पडला आणि दिल्यावर त्रास परतला, तरच ॲलर्जी म्हणायचं. तुमच्या मुलाचं दूध बंद होऊन महिने झाले आणि काडीचा फरक नाही, म्हणजे दोषी दूध नसावं. दूध दिल्यावर पूर्वी कधी अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं किंवा एक ते चार तासांनी लागोपाठ उलट्या होऊन मूल पांढरं पडणं, असं झालं असेल तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांसमोरच करा. असं काही नसेल तर दूध-दही परत आणण्याबद्दल त्यांच्याशी बोला. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि दुधाशिवाय ते भरून काढायला वेगळं नियोजन करावं लागतं. परत सुरू केल्यावर दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नका, नाहीतर जेवण मागे पडतं, लोह कमी होतं आणि शी कडक होते.

गव्हाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. सिलिॲक आजारात ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. पोट फुगणं, पातळ शी आणि अडलेलं वजन ही त्याची नेहमीची लक्षणं. म्हणून तुमच्या मुलात तो नाही, हे ठामपणे कळायलाच हवं. त्यासाठीची रक्ततपासणी, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक प्रथिनांचा, एक प्रकार), मूल ग्लूटेन खात असतानाच भरवशाची असते. तुम्ही दिलेल्या क्रमावरून असं दिसतं की गहू आधी बंद झाला आणि रक्त नंतर तपासलं गेलं. तसं असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट निर्णायक धरता येणार नाही. त्याच्यासोबत एकूण आयजीए तपासलं होतं का तेही बघा. ते मुळातच कमी असेल तर तपासणी खोटी नॉर्मल येते, आणि सिलिॲक असणाऱ्यांत ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते.

मग काय करायचं? एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी गहू बंद असतानाही करता येते. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो आणि गहू निर्धास्तपणे परत देता येतो. असतील तर त्यावरून आजार सिद्ध होत नाही, कारण लोकसंख्येतल्या मोठ्या वाट्यात ही जनुकं असतात. अशा वेळी गहू पुन्हा सुरू करून रक्त तपासावं लागतं. त्यासाठी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन हवं. मूल लहान आहे आणि वजन अडलेलं आहे, त्यामुळे ते कधी करायचं हे बालपचनविकार तज्ज्ञांनी ठरवावं. तोपर्यंत गहू स्वतःहून चालू-बंद करत राहू नका.

गहू आणि या आजाराचं नातं दाखवणारे विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला. या आजारासाठी आज मिळणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी त्यांच्याकडे एकही नव्हती. मूल काय खातं, शी कशी होते, वजन किती वाढतं, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवर त्यांचं काम उभं राहिलं. म्हणूनच पालकांनी वही आणली की मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते.

वहीत फार काही लिहायचं नाही. तारीख, शी किती वेळा आणि कशी, रात्री झाली का, काय खाल्लं-प्यालं, पोट कधी दुखलं. शीच्या वर्णनासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. १९९७ सालच्या या तक्त्यात कडक गोळ्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात प्रकार चित्रांसकट आहेत, आणि नुसत्या 'पातळ' या शब्दापेक्षा त्यातला आकडा डॉक्टरांना खूप सांगून जातो. शंका वाटली तर शीचा फोटो काढा, संकोच करू नका. दुखण्याबद्दल मात्र एक ध्यानात ठेवा. या वयाचं मूल घसा दुखला तरी बेंबीवर बोट ठेवतं. दुखतंय असं सांगून दोन मिनिटांत खेळायला पळालं, की दुखण्याने खेळ, जेवण, झोप मोडली, एवढी नोंद पुरे. दोन आठवडे लिहा आणि थांबा. याहून जास्त काळ प्रत्येक घासाची नोंद ठेवत राहिलात तर घरात दुसरा विषयच उरणार नाही.

तपासण्यांबद्दल थोडंच सांगते. जिआर्डिया हा परजीवी एका नमुन्यात सुटून जातो, कारण तो रोज शीतून बाहेर पडतोच असं नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने किंवा अँटिजेन तपासणी करून घ्या, मूल पाळणाघरात जात असेल तर नक्कीच. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं) बघायला हवं. शीतल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनावरून आतड्याच्या सुजेचा अंदाज येतो, पण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम ही नेहमीची सीमा मोठ्यांसाठी आहे. चार वर्षांखालच्या निरोगी मुलांतही आकडा त्याच्या बराच वर जाऊ शकतो, त्यामुळे तो थोडा जास्त आला म्हणून धास्तावू नका. शेकडो पदार्थांची आयजीजी (आणखी एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) चाचणी करून बंद करायच्या पदार्थांची यादी कुणी हातात देत असेल, तर ती करू नका. मूल जे खातं त्याविरुद्ध आयजीजी तयार होणं स्वाभाविक आहे, त्याने ॲलर्जी कळत नाही. युरोपच्या ॲलर्जी अकादमीने २००८ मध्येच अन्नाचा त्रास ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये असं सांगितलं आहे. अशा यादीपायी ताट आणखी रिकामं झालेली मुलं बघवत नाहीत.

दुर्मीळ कारणं आहेतच. तेलकट, चिकट शी आणि सोबत वारंवार छातीचा संसर्ग असेल तर सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी घामातल्या क्षाराची तपासणी होते. फळं आणि साखर सुरू झाल्या दिवसापासून जुलाब असतील तर सुक्रोज पचवणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता. घन पदार्थ अडकणं, खाताना घाबरणं, उलट्या असतील तर अन्ननलिकेची इओसिनोफिलिक (ॲलर्जीसारखी) सूज. सहा वर्षांखाली सुरू होणारा आतड्यांचा दाहक आजार, ज्यात बहुधा रक्त आणि ताप असतो. यांतलं काहीही नुसतं नाव वाचून अंगाला लावून घेऊ नका. वर सांगितलेल्या पायऱ्या झाल्यावरही वजन हललं नाही, तर दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत जायला मी मागेपुढे बघत नाही.

क्रम असा ठेवा. रस बंद आणि स्निग्धता वाढवणं हे दोन्ही आज सुरू करा, त्यात धोका नाही. अख्खी फळं परत आणा. शी साठल्याची तपासणी याच आठवड्यात. दोन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने, दूध. गव्हाचा निर्णय तज्ज्ञांचा. आजचे हे बदल सोडले तर पुढे एका वेळी एकच बदल, त्याला दोन आठवडे, मग पुढचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येत नाही. वजन रोज करू नका. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, जवळपास तेवढ्याच कपड्यांत पुरे.

जेवणाच्या वेळी त्याच्या पोटाबद्दल, शीबद्दल, वजनाबद्दल त्याच्यासमोर बोलू नका. ही मुलं सगळं ऐकतात. महिनोन्‌महिने मोठ्यांचे चिंतेने भरलेले चेहरे बघून खाणं म्हणजे काहीतरी धोक्याचं, असं त्यांना वाटायला लागतं, आणि पोट सुधारल्यावरही खाण्याची भीती मागे राहते. दिवसातून तीन जेवणं आणि दोन मधली खाणी ठरलेल्या वेळी द्या, मध्ये फक्त पाणी. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. पहिल्या वाढदिवसानंतर वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही कमी होते, हे आठवलं की अर्धी रिकामी ताटली तेवढी बोचणार नाही. वारंवार शी होऊन कातडी सोलवटते तिथे पुसण्याऐवजी पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात लावा. तिथली आग हेही शी रोखून धरायला एक कारण होतं.

आणि तुमच्याबद्दल. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हटल्यावर काहीजण तुमच्या काळजीलाच आजार ठरवतात. मुलाला त्रास होतो आहे आणि तुम्ही तो बरोबर टिपला आहे. तो तुमच्या हातून, तुमच्या स्वयंपाकातून किंवा अंगावरचं दूध तोडण्यातून आलेला नाही. रात्रीचं बघणं, कपडे धुणं, डॉक्टरांकडे जाणं यांतला काही भाग घरातल्या दुसऱ्या माणसाकडे नाव घेऊन सोपवा. मोघम मदत मागितली तर ती मिळत नाही. 'दर मंगळवारी रात्री तू उठायचंस' असं सांगितलं तर मिळते. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, मुलाच्या जवळ जायचंच नकोसं वाटत असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना हे सांगा, मुलाच्या पुढच्या भेटीची वाट न बघता.

डॉक्टर मात्र आता एकच ठेवा. चौथ्याकडे गेलात तर तो पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करेल आणि कदाचित चौथा पदार्थ बंद करेल. तिघांपैकी ज्यांनी तुमचं सगळ्यात शांतपणे ऐकलं त्यांच्याकडे वाढीच्या नोंदी, दोन आठवड्यांची वही आणि रक्त कुठल्या तारखेला तपासलं, गहू कुठल्या तारखेला बंद केला, एवढं घेऊन जा. चार ते सहा आठवड्यांनंतरची वजनाची तारीख तिथेच ठरवून घ्या. त्या दिवशीही काटा हलला नसेल, तर त्यांच्याकडूनच बालपचनविकार तज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा.